व्हीएचएसवरची लहानपणची कार्टून्स: माळ्यावरच्या १४ कॅसेटी कशा वाचवाव्यात?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. चोपड्याच्या घराची आवराआवर करताना माळ्यावर १४ व्हीएचएस कॅसेटी मिळाल्या आहेत. सगळ्या ई-१८० (म्हणजे तीन तासांच्या), टीव्हीवरून घरीच भरलेल्या. लेबलांवर पेनाने 'टॉम जेरी', 'मोगली', 'रविवार सकाळ' असं लिहिलंय. वर पत्रे, त्यामुळे किती उन्हाळे भाजून निघाल्या असतील कल्पना करा. तीन-चार कॅसेटींच्या खिडकीतून आत पांढुरकं काहीतरी दिसतंय.
प्रश्न तीन. पांढरं म्हणजे बुरशी का? त्या कशावर लावाव्यात? आणि कॉम्प्युटरवर घ्यायच्या तर कशा, की चित्र आहे त्याहून खराब होणार नाही?

वाघूर
आधी एकच सांगतो, एकही कॅसेट मशीनमध्ये घालू नका. अगदी 'नुसती चालते का बघू' म्हणूनसुद्धा नको.
मोबाईलचा टॉर्च तिरका धरून खिडकीतून बघा. साधी धूळ असेल तर ती प्लास्टिकवर असते, फुंकर मारली की उडते. बुरशी रिळेच्या कडेवर बसते. गुंडाळलेल्या रिळेची कड काळीभोर आणि गुळगुळीत दिसायला हवी. तिच्यावर पिठाची चिमूट पडल्यासारखे ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजा. अशी कॅसेट लावली की बुरशी हेडवर, म्हणजे मशीनमधल्या रीळ वाचणाऱ्या भागावर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. वरून चिकटलेले वेढे सुटताना रीळ कडेने फाटते ते वेगळंच.
१४ चे दोन ढीग करा, स्वच्छ आणि संशयित. संशयित ढीग प्लास्टिकच्या पिशवीत, वेगळ्या खोलीत.

केळीबाग
बुरशी ओलीने येते ना? मग दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवलं तर मरेल की.

भुसावळचं_ऊन
भो, कॅसेट ऊनमा ठेवाले कोन सांगस? सावलीमाच ऱ्हाऊ दे.
आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते. काळं प्लास्टिक उन्हात ठेवलं की ते हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. सांगाडा वाकतो, दार नीट उघडत नाही, चकऱ्या घासायला लागतात. आतली पॉलिस्टरची रीळ घट्ट गुंडाळलेली असते. ती तापून ताणली की कडा लहरी होतात. नेमक्या कडेवरच आवाजाचा आणि कंट्रोलचा (चित्राचा ताल धरणारा) ट्रॅक असतो, म्हणजे आधी आवाज जाणार, मग चित्र ठरणार नाही.
पापड-कुरडयांना ऊन, कॅसेटला सावली. वाळवायचीच असेल तर सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात आठवडाभर खोलीतच ठेवा. बुरशी सुकून निष्क्रिय होते, मग ती पुसता येते. ओली असताना पुसली तर पसरते.

अमळनेरी
ओव्हनमध्ये ५० अंशांवर भाजायची पद्धत आहे ना? इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी वाचलंय.

सोल्डरगन
अमळनेरी दादा, ती पद्धत वेगळ्या आजारावरची. काही जुन्या ऑडिओ आणि स्टुडिओतल्या टेपांचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय थर धरून ठेवणारा डिंक, हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. अशा टेपा प्रयोगशाळेतल्या यंत्रात नेमक्या तापमानाला तासन् तास ठेवतात. घरगुती व्हीएचएसला हा आजार क्वचितच होतो, आणि घरच्या ओव्हनचं तापमान १५-२० अंश इकडेतिकडे होत असतं. बुरशीवर तर हा उपायच नाही. कृपया कुणी करू नका.

आता तापीकाठ यांच्या पहिल्या प्रश्नाचं काम. बुरशीच्या कॅसेटसाठी लागेल ते असं: बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, मास्क, हातमोजे, मायक्रोफायबरचं कोरडं कापड, एक चांगला रिकामा सांगाडा (कोऱ्या किंवा टाकाऊ कॅसेटचा) आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेडिकलमध्ये मिळणारं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ९९ चं मिळतं, जळगावात गोलाणी मार्केटला विचारा.

कॅसेट पालथी करा. खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. ते काढून दोन्ही भाग हाताने दाबून धरा आणि तशीच सुलटी करा. मग वरचं झाकण उचला. पालथीच उघडलीत तर चकऱ्या, छोटे रोलर आणि स्प्रिंग सगळं टेबलावर. उघडल्या उघडल्या मोबाईलने फोटो काढा, रीळ कोणत्या रोलरच्या आतून आणि कोणाच्या बाहेरून जाते ते नंतर आठवत नाही. हे काम अंगणात किंवा ओट्यावर करा, घरात नको, आणि पंखा बंद.

दोन्ही चकऱ्या उचलून रिळेच्या कडा कोरड्या कापडाने मधून बाहेर अशा पुसा. गोल गोल नको. रिळेच्या सपाट पृष्ठभागाला बोट लावू नका. मग चकऱ्या स्वच्छ सांगाड्यात बसवा. जुना सांगाडा फेकायचा, फक्त लेबल असलेला भाग ठेवा. लेबलावरचं अक्षर हाही पुरावा आहे.

शिरपूरची_ताई
आणि एवढं झाल्यावरही चांगल्या मशीनमध्ये घालायची नाही. भंगारातला एखादा व्हीसीपी (नुसती कॅसेट दाखवणारं, रेकॉर्ड न करणारं मशीन), ज्याचं चित्र येत नाही पण मोटर फिरते, असा या कामाला ठेवायचा. त्यात कॅसेट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे दोनदा करायची, दरवेळी मशीन पुसायचं.
किंचाळल्यासारखा आवाज आला किंवा वेग मंदावला की लगेच थांबवा. रीळ चिकटतेय असा त्याचा अर्थ.

सोल्डरगन
ताई, अगदी बरोबर. स्वच्छ ढिगातल्या कॅसेटींनाही हे पुढे-मागे करणं लागतंच. २५ वर्षं एकाच ताणात बसलेली रीळ कुठे सैल, कुठे घट्ट झालेली असते. एकदा पूर्ण फिरवली की ताण सारखा होतो आणि चित्र कमी हलतं.

पांझराकाठ
हेड साफ करायला कॉटन बड चालेल का?

सोल्डरगन
नाही! खान्देशात कापसाला तोटा नाही, पण हेडपाशी कापूस आणू नका. ड्रम म्हणजे हेड बसवलेला फिरता गोल भाग, त्याच्या कडेला हेडचं केसाएवढं टोक बाहेर आलेलं असतं. त्यात कापसाचा तंतू अडकला आणि तुम्ही ओढलं की टोक तुटलं. मग ड्रमच बदलावा लागतो आणि तो आता मिळत नाही.
साधा कोरा कागद घ्या, प्रिंटरचा चालतो. अडीच-तीन सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, आयसोप्रोपिलमध्ये भिजवा, ड्रमवर हलकी टेकवून धरा. हात स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग हळूहळू फिरवायचा. कागद काळा होईल. पट्टी बदलत बदलत पांढरी निघेपर्यंत करा. वर-खाली कधीच घासायचं नाही. कॉटन बड वापरायचाच तर गाइडच्या खांबांना आणि ऑडिओ हेडला. रीळ दाबून पुढे ओढणाऱ्या रबरी पिंच रोलरला आयसोप्रोपिल फार लावू नका, रबर कडक होतं. त्याला साबणाच्या पाण्याने ओलसर केलेलं कापड पुरतं. दहा मिनिटं वाळू द्या, मगच प्लग.

अमळनेरी
पडद्यावर मुंग्या आल्या की हेड खराब, असं दुकानदार सांगायचे.

वाघूर
प्रत्येक वेळी नाही. मुंग्या सगळीकडे सारख्या आणि आवाज मात्र स्वच्छ, तर हेड मळलंय. वर किंवा खाली एकाच पट्ट्यात मुंग्या असतील तर ट्रॅकिंग, म्हणजे हेड रिळेवरच्या चित्राच्या वाटेवर नीट जुळत नाही. ट्रॅकिंगचं बटण हळू फिरवत पट्टा पडद्याबाहेर ढकलायचा. आपल्याकडच्या पॅल टीव्ही पद्धतीच्या मशीनमध्ये ड्रम मिनिटाला १५०० वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला २५. एका फेरीत दोन हेड मिळून एक पूर्ण चित्र वाचतात, प्रत्येक हेड अर्धं. एकच हेड मळलं तर दर दुसरं अर्धं चित्र मुंग्यांचं, म्हणून पडदा थरथरतो.
ज्या व्हीसीआरवर भरली त्याच व्हीसीआरवर ट्रॅकिंग सगळ्यात चांगलं जुळतं. तापीकाठ, घरात जुना व्हीसीआर पडून असेल तर तो भंगारात देऊ नका. बेल्ट आणि चकऱ्या फिरवणाऱ्या आयडलर चाकाचं रबर बदललं तर पुष्कळदा उठतो.

केळीबाग
विचारू का नको असं वाटतंय, पण एवढा खटाटोप कशाला? टॉम आणि जेरी तर आता ऑनलाइन कितीतरी स्वच्छ चित्रात मिळतं.

शिरपूरची_ताई
कार्टून मिळतं, कॅसेटवरचं मिळत नाही. दूरदर्शनवरची जंगल बुक घ्या. मूळ मालिका जपानी, निप्पॉन अॅनिमेशनची, ५२ भागांची. पण आपल्याला आठवतं ते हिंदी शीर्षकगीत गुलजार यांचं आणि संगीत विशाल भारद्वाज यांचं. मूळ जपानी आवृत्तीत ते कुठून असणार? हिंदी आवाज, मधल्या जाहिराती, निवेदिकेचं बोलणं, 'रुकावट के लिए खेद है' ची पाटी, हे सगळं कुणाच्या तरी घरच्या रिळेवरच उरलंय.
म्हणून कॅप्चर करताना, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घेताना, जाहिराती कापू नका, रिकामी जागासुद्धा ठेवा. पुढेमागे कापता येईल, परत जोडता येणार नाही.

पांझराकाठ
ताईंना पूर्ण अनुमोदन. जाहिरातींवरूनच कॅसेट कधीची ते कळतं. अजून एक खूण: कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ ला सुरू झालं आणि सुरुवातीला त्याच वाहिनीवर संध्याकाळनंतर टीएनटी या वाहिनीचे जुने इंग्रजी चित्रपट लागायचे. तेव्हा कार्टून संपून अचानक कृष्णधवल इंग्रजी सिनेमा सुरू झाला तर ती कॅसेट १९९५ नंतरची, आणि कुणीतरी रेकॉर्डिंग बंद करायला विसरलं होतं.

काळी_दोन
एक विषयांतर. कॅसेटवर ऐकलेलं टॉम-जेरीचं संगीत आणि आता ऑनलाइन ऐकतो ते, यात पट्टी वेगळी वाटते. आता जरा उतरलेलं, संथ वाटतं. हा वयाचा परिणाम की खरंच तसं आहे?

वाघूर
खरंच तसं आहे, तुमचा कान पक्का आहे. ती कार्टून्स सिनेमाच्या फिल्मवर, सेकंदाला २४ चित्रं या हिशेबाने बनली. आपल्याकडची पॅल पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. टीव्हीसाठी फिल्म उतरवताना सरळ २५ च्या वेगाने पळवायचे, म्हणजे सगळं सुमारे ४ टक्के जलद. आवाजही तेवढाच चढतो, पाऊण पट्टीला थोडा कमी. सात मिनिटांचं कार्टून जवळजवळ १७ सेकंद आधी संपतं. ऑनलाइन बहुतेक मूळ २४ चा वेग असतो.
आपल्या पिढीच्या कानात बसलेला सूर चढाच. तो दुरुस्त करायला जाऊ नका. कॅसेटवर जसा आहे तसाच उतरवा.

काळी_दोन
वा! काळी एकच्या जवळ जाणारं पण तिथे न पोचणारं असं काहीतरी वाटायचं. पाऊण पट्टी म्हटल्यावर उलगडा झाला. मनापासून आभार.

भुसावळचं_ऊन
रंगांचंही सांगा कुणीतरी. मिकीची लाल चड्डी नेहमी उजवीकडे सांडलेली दिसायची.

सोल्डरगन
व्हीएचएस रंगाचा सिग्नल फार कमी जागेत कोंबून लिहितं. आडव्या दिशेला काळ्या-पांढऱ्या चित्राचा बारकावा सुमारे २४० रेषांचा असतो, रंगाचा ४० च्या आसपास. म्हणजे काळी बाह्यरेषा टोकदार येते आणि आतला लाल रंग तिच्यापलीकडे ओघळतो. माणसांच्या चित्रात हे फारसं जाणवत नाही. कार्टूनमध्ये सपाट रंग आणि ठळक रेषा, म्हणून लगेच दिसतं. कॅसेटवरून कॅसेट केलेली असेल तर दर कॉपीला रंग आणखी खाली-उजवीकडे सरकतो. लाल चड्डी पार पायापर्यंत आली असेल तर ती तिसऱ्या-चौथ्या हाताची कॉपी.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. स्वच्छ ढीग ९, संशयित ५. माळ्यावरून काढून सगळ्या आतल्या धाब्याच्या खोलीत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवल्यात. आता तिसरा प्रश्न, कॉम्प्युटर. बाजारात ती छोटी यूएसबी केबल मिळते, पिवळी-पांढरी-लाल टोकं असलेली. ती पुरते का?

वाघूर
धाब्याची खोली उत्तम, खान्देशात त्याहून थंड जागा नाही. फक्त पावसाळ्यात भिंतीला टेकवू नका आणि स्पीकरजवळ ठेवू नका.

ती केबल चालते, पण एक अडचण आहे. व्हीएचएसच्या सिग्नलचा ताल थोडा डळमळतो. जुना टीव्ही ते सांभाळून घ्यायचा, स्वस्त केबल नाही घेत. मग मधली चित्रं गळतात आणि अर्ध्या तासाने आवाज ओठांच्या पुढे-मागे जातो. उपाय म्हणजे मध्ये एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर ठेवायचा. व्हीसीआरची पिवळी तार रेकॉर्डरच्या इनपुटला आणि रेकॉर्डरचं आउटपुट केबलला. रेकॉर्ड करायचं नाही, नुसतं आरपार जाऊ द्यायचं. पुष्कळ रेकॉर्डर तेवढ्यात ताल सुधारून देतात. व्हीसीपीला ऑडिओचं एकच टोक असेल तर एकाचे दोन करणारी वाय तार लावा, नाहीतर आवाज एकाच कानात येईल.

सेटिंग: पॅल, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५, इंटरलेस्ड (प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांत) तसंच ठेवायचं. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये हफयूव्ही या काहीही न गमावणाऱ्या पद्धतीने घेतलं तर तासाला ढोबळमानाने ३० जीबी. १४ कॅसेटी, ३ तास, म्हणजे ४२ तास, सव्वा टीबीच्या पुढे. २ टीबीची हार्ड डिस्क घ्या. ती फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीला, म्हणजे आठेक मिनिटांतच फाईल अडते. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या.
बघायची प्रत नंतर वेगळी करा. डीइंटरलेस करताना, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करताना, सेकंदाला ५० चित्रं ठेवा, क्यूटीजीएमसी किंवा बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर वापरा, मग एमपी४. चित्राच्या तळाशी हलणारी फाटकी पट्टी दिसेल. ती एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाण्याची जागा आहे, बिघाड नाही. जुन्या टीव्हीत ती चौकटीमागे लपायची.

अमळनेरी
वीज गेली तर?

शिरपूरची_ताई
कॅसेट आत असताना वीज गेली की रीळ ड्रमभोवती वेढलेलीच राहते. ओढू नका. वीज आल्यावर मशीन स्वतः सोडवतं, मग बाहेर काढा. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर चित्रात वर सरकणारे आडवे पट्टे येतात आणि आवाजात घूं येते. साइन वेव्हचा हवा.
एसी खोलीत काम करणार असाल तर कॅसेट आदल्या दिवशीच आणून ठेवा. दमट दिवशी तापमान एकदम बदललं की ड्रमवर दव धरतं आणि ओली रीळ ड्रमला चिकटते.

पांझराकाठ
रीळ तुटलेली निघाली तर सेलोटेप?

सोल्डरगन
कधीच नाही. डिंक बाहेर येतो आणि १५०० च्या वेगाने फिरणारं हेड त्या जोडावर आपटतं. सुरुवातीला किंवा शेवटी तुटली असेल तर खराब तुकडा कापून उरलेलं टोक चकरीतल्या छोट्या क्लिपमध्ये परत अडकवा. पण मग त्या टोकाची पारदर्शक पट्टी गेली, आणि मशीन प्रकाशावरून तिथेच टोक ओळखतं. तेव्हा त्या टोकापर्यंत जोरात पळवू नका, आधीच हाताने थांबवा. मधोमध तुटली असेल तर जोडू नका. दोन तुकडे दोन वेगळ्या सांगाड्यांत घालून वेगवेगळे कॅप्चर करा. एखादा सेकंद जाईल, हेड राहील.

काळी_दोन
तापीकाठ, एक साधीच गोष्ट अजून कुणी सांगितली नाही आणि ती सगळ्यात आधी करायला हवी. लेबल चिकटवतात त्या कडेच्या टोकाला एक छोटा प्लास्टिकचा दात असतो. तो शाबूत असेल तर कॅसेटवर परत रेकॉर्डिंग होऊ शकतं. जुन्या व्हीसीआरची बटणं अडकतात, प्ले दाबताना रेकॉर्डही दाबलं जातं. स्क्रू ड्रायव्हरने तो दात बाहेरच्या बाजूला मोडून टाका.

तापीकाठ
आत्ता सगळ्या १४ बघितल्या. ६ कॅसेटींचे दात शाबूत होते, त्यात 'मोगली' लिहिलेल्या दोन्ही. सहाही मोडले. उद्या स्वच्छ ढिगातली 'रविवार सकाळ' आधी पुढे-मागे करून घेतो आणि मग कॅप्चर. संशयित पाच सिलिका जेलच्या डब्यात आठवडाभर.